वाळक्या अळ्यांचं पाकीट: आबांचा आणि माझा अभिप्राय

पाकिटावर तीन कासवं छापली आहेत. एक पाण्यात पोहतंय, एक गवतात तोंड खुपसून बसलंय, तिसऱ्याच्या पायांवर लाल खवले आहेत. खाली ठळक अक्षरांत ‘सर्व कासवांसाठी उच्च प्रथिनयुक्त आहार’. आत ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या वाळवलेल्या अळ्या. माल चांगला आहे आणि मी तो परत घेणार आहे. पण त्या तीन चित्रांतलं एक तिथे असायलाच नको होतं, म्हणून हा अभिप्राय जरा लांबणार.

नको होतं ते गवतातलं. हर्मन, ग्रीक, सल्काटा, लेपर्ड, स्टार ही जमिनीवरची कासवं पाला, गवत आणि फुलांवर जगतात. त्यांच्यापुढे अळ्या टाकल्या तर ती आवडीने खातीलही. पुढ्यात आलेलं चविष्ट काही सोडायचं नाही हा कासवाचा खाक्याच आहे. निस्तरावं लागतं ते मूत्रपिंडांना. या कासवांच्या शरीरात प्रथिनांतला नायट्रोजन बराचसा यूरिक अ‍ॅसिड होऊन पांढऱ्या लगद्याच्या रूपात बाहेर पडतो. त्यात पाणी वाचतं. पण प्राणिज प्रथिनांचा मारा होत राहिला आणि त्यात कासवाला पाणी कमी पडलं, की हेच अ‍ॅसिड स्फटिक होऊन मूत्रपिंडांत आणि सांध्यांत साचतं, मूत्राशयात खडे धरतात. कासव सांधे धरून बसतं आणि आपण म्हणतो, हल्ली जरा सुस्तावलंय. असं कासव घरी असेल तर पुढे मी या अळ्यांचं कितीही कौतुक केलं तरी हे पाकीट घेऊ नका. त्याला लागणारी प्रथिनं पाल्यातच आहेत. तुतीची पानं, क्लोव्हर, डँडेलियन यांत ती पुरेशी असतात. लसूणघास तर प्रथिनांनी इतका भरलेला असतो की तोही रोज नको, अधूनमधून मिसळावा.

आमचे आबा, म्हणजे माझं कासव, मात्र रेड-फूट जातीचे. पायांवर लाल खवले असलेलं तिसरं चित्र त्यांचं. दक्षिण अमेरिकेतली ही जात गळून पडलेली फळं, पानं, फुलं खाते, अळंबी खाते, गोगलगाय किंवा किडा सापडला तर तोही, आणि वाटेत एखादं मेलेलं जनावर दिसलं तर त्यालाही तोंड लावते. त्यामुळे आबांना प्राणिज प्रथिनं हवीत, पण बेताने. पूर्ण वाढलेल्या रेड-फूटला आठवड्याला २५ ते ३० ग्रॅम ओलं मांसल खाणं, असा ही कासवं पाळणाऱ्यांचा साधारण अंदाज. बाकी सगळं पानं आणि फळं. आता हे ओल्याचं माप आहे. अळ्या वाळक्या असतील तर तेवढ्याच तोलून घालायच्या नाहीत. ताज्या अळीत निम्म्याहून जास्त पाणीच असतं, म्हणून आबांच्या वाट्याला मी आठवड्याला आठ-दहा ग्रॅमच काढते. पाकिटावर लिहिलंय ‘रोज एक मूठ’. कोणाची मूठ, कोणतं कासव, काही नाही. ही ओळ लिहिणाऱ्याने कासव पाळलेलं नसावं.

पाकिटाच्या मागे बघितलं तर प्रथिनं ३८ टक्के, चरबी ३० टक्के, ओलावा ७ टक्के. शेजारच्याच फळीवर उकडलेल्या गोगलगायींचा डबा होता, त्यावर प्रथिनं १४ टक्के, ओलावा ७८. गिऱ्हाईक ३८ बघतं, १४ बघतं आणि पाकीट उचलतं. पण डब्यातल्या १०० ग्रॅममधलं पाणी काढलं तर कोरडा ऐवज उरतो २२ ग्रॅम, आणि त्यातले १४ प्रथिनांचे. म्हणजे जवळजवळ ६४ टक्के. अळ्यांचं तसंच गणित केलं तर ९३ पैकी ३८, म्हणजे ४१ टक्के. प्रथिनांच्या आकड्यावरून खाणं निवडायचं असेल तर आधी पाणी वजा करा, नाहीतर त्या आकड्याला काही अर्थ नाही. आणि वजा केल्यावरही, कासवाच्या बाबतीत जास्त आकडा म्हणजे जास्त चांगलं, असं नाहीच.

मी हे पाकीट घेतलं ते दुसऱ्या आकड्यासाठी: कॅल्शियम २.४ टक्के, फॉस्फरस ०.९. कासवाच्या एकूण खाण्यात कॅल्शियम फॉस्फरसच्या निदान दीड-दोन पट हवं. ते उलटं झालं की शरीर हाडांतून कॅल्शियम काढायला लागतं आणि पाठीची ढाल मऊ पडते, वेडीवाकडी वाढते. बहुतेक किड्यांमध्ये हे प्रमाण उलटंच असतं. ब्लॅक सोल्जर फ्लायची अळी मात्र आपल्या कातडीत कॅल्शियम साठवते. बाजारात वाळवलेले किडे ढीगभर मिळतात, पण वरून कॅल्शियमची पूड न भुरभुरता देता येईल असा किडा मला हा एकच सापडला. अर्थात अंगावर ऊन किंवा यूव्हीबी (अतिनील किरण देणारा) दिवा नसेल तर शरीरात डी३ जीवनसत्त्व तयार होत नाही आणि खाल्लेलं कॅल्शियम वाया जातं. ते काम कुठलंच पाकीट करणार नाही.

आता वापराबद्दल, कारण पाकिटावर तो लिहिलेला नाही. अळ्या नखाएवढ्या, करड्या-तपकिरी, अंगावर वळ्या असलेल्या. बरणीत ओतताना खुळखुळतात आणि वास जुन्या शेंगदाण्यांसारखा येतो. आबांना दात नाहीत, चोचीने एक-दोनदा चावल्यासारखं करून ते अळी गिळून टाकतात. अख्ख्या अळ्या घातल्या की विष्ठेत तशाच्या तशा टरफलं दिसतात. चिमट्याने एक उचलून बघितलं, शेपटाकडचं टोकसुद्धा शाबूत होतं. म्हणजे ज्या कातडीतल्या कॅल्शियमसाठी पैसे मोजले ती कातडी तशीच बाहेर. तेव्हा मी त्या खलबत्त्यात चेचते, अगदी पीठ नाही, तुकडे होतील इतपत, आणि कोमट पाण्यात भिजवून ठेवते. भिजल्या की चुरा फुगतो, वास उग्र होतो आणि आबा घरात असतील तिथून निघतात. एरवी पपईसाठी सुद्धा इतकी घाई नसते. हा चुरा पानांत कालवला की नावडता पालाही पोटात जातो, हा वरचा फायदा. नुसता चुरा वाटीत दिला तर तेवढा खाऊन पानांकडे पाठ करतात, म्हणून कालवूनच.

वेळ सकाळची. कासवाचं पचन बाहेरच्या उबेवर चालतं. आबांच्या खोलीत दिवसा २८-३० अंश असतात. संध्याकाळी जड खाणं पोटात गेलं आणि रात्री गारवा पडला तर ते तसंच पडून राहतं. आणि मांसल खाण्याच्या दिवशी उथळ कोमट पाण्यात थोडा वेळ बसवणं आमच्याकडे ठरलेलं आहे. आबा तिथेच पाणी पितात आणि तिथेच बाकीचं उरकतात. पांढरा लगदा मऊ असेल तर ठीक. वाळूसारखा खरखरीत लागला तर पाणी वाढवायचं, प्रथिनं थांबवायची आणि डॉक्टरांना दाखवायचं.

याआधी मीलवर्म, म्हणजे एका भुंग्याच्या अळ्या, आणायचे. चव आबांना बेहद्द पसंत, पण मीलवर्ममध्ये फॉस्फरस कॅल्शियमच्या दहापटीहून जास्त असतो. कॅल्शियमसाठी समुद्रफेन किसून वर घातला तरी गणित जेमतेम जुळतं. गांडुळं चांगली, मऊ आणि भरपूर प्रथिनांची, फक्त खताच्या कुंडीतली लाल गांडुळं नकोत. डिवचली की ती पिवळट, घाण वासाचा द्रव सोडतात. आबांनी एकदा तोंडात धरून जे थुंकलं ते त्यानंतर कुंडीकडेच फिरकले नाहीत. बागेतून किडे, गोगलगायी पकडून घालायच्या असतील तर तिथे कीटकनाशक मारलेलं नाही याची खात्री हवी, आणि गोगलगायींतून जंतांची भीती आहेच. उकडलेलं अंडं महिन्याकाठी एखादा तुकडा, त्यात चरबी बरीच. उकडलेलं कोंबडीचं मांस चालतं, पण नुसत्या मांसात कॅल्शियम नावालाच असतं. मश्रूम आबांना फार प्रिय. प्रथिनांसाठी म्हणून नाही, पण त्यांच्या रानातल्या खाण्यातलंच ते आहे. मांजराची बिस्किटं भिजवून घालायचा सल्ला सर्रास मिळतो. रेड-फूटला ती कधीमधी दिली तर आभाळ कोसळत नाही, पण ती मांजराच्या हिशेबाने बनलेली असतात. हाताशी दुसरं काही नसेल तरच, आणि गवतखाऊ कासवाला तर अजिबात नाही.

पहिलं चित्र, पाण्यातलं. माझ्या धाकट्या बहिणीकडे लाल कानपट्टीचं पाणकासव आहे, रेड-इअर्ड स्लायडर. विकणाऱ्याने सोबत वाळक्या कोळंबीचा डबा दिला आणि सांगितलं, एवढंच घाला, पूर्ण आहार आहे. कासव खुशीत, बहीण खुशीत. मग एक दिवस तिचा फोन: “ताई, ती झोपलेली नाहीये गं, तिचे डोळेच उघडत नाहीयेत.” पापण्या फुग्यासारख्या सुजल्या होत्या. डॉक्टरांनी बघितल्याबरोबर विचारलं, खायला काय घालता? नुसत्या वाळक्या कोळंबीवर किंवा नुसत्या मांसावर राहिलेल्या पाणकासवांना अ जीवनसत्त्व कमी पडतं आणि त्याची पहिली खूण डोळ्यांवर दिसते. वर डोळे मिटलेले म्हणून खाणं दिसत नाही, खाणं नाही म्हणून आणखी अशक्तपणा. त्यावर घरच्या घरी जीवनसत्त्वाचे थेंब सोडू नयेत, अ जीवनसत्त्व जास्त झालं तर कातडी सोलवटते. हे काम डॉक्टरांचं.

आता तिच्याकडे पाण्यावर तरंगणाऱ्या चांगल्या गोळ्या आहेत, जोडीला पाणवनस्पती आणि गडद हिरवा पाला, आणि याच अळ्या आठवड्यातून एकदा. त्या तरंगतात, पाणी पटकन घाण करत नाहीत. पिल्लू असेल तर पाणकासवाला मांसल खाणं जास्त लागतं, वय वाढतं तसा पाल्याचा वाटा वाढवायचा. जिवंत गोल्डफिश सोडायची हौस काहींना असते. बघायला गंमत येत असेल, पण गोल्डफिशमध्ये थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते बी१ जीवनसत्त्व नष्ट करतं. नेहमीचं खाणं म्हणून ती वाईट निवड.

याच कंपनीच्या गवताच्या गोळ्याही मिळतात. त्यांच्यावर ‘कमी प्रथिने, गुळगुळीत पाठ’ असा दावा आहे. गोळ्या ठीक आहेत, प्रथिनं कमी, तंतू भरपूर, पहिला घटक सुकं गवतच, मका किंवा सोयाबीन नाही. पण पाठीचा दावा अर्धवट आहे. कासवाच्या ढालीवर पिरॅमिडसारखे उंचवटे येतात त्याचं खापर पूर्वी सरळ प्रथिनांवर फोडायचे. २००३ साली सल्काटाच्या पिल्लांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पिल्लांना वेगवेगळी प्रथिनं आणि वेगवेगळी आर्द्रता देऊन वाढवलं होतं, आणि उंचवट्यांशी मोठा संबंध निघाला तो कोरड्या हवेचा. प्रथिनांचा परिणाम किरकोळ. तेव्हा कोरड्याठाक पेटीत पिल्लू ठेवून वरून या गोळ्या घातल्या तर पाठ गुळगुळीत होणार नाही. प्रथिनं आवरायची ती मूत्रपिंडांसाठी, आणि ते कारण पाकिटावर छापण्यासारखं दिसत नाही बहुधा.

अळ्यांकडे परत. तक्रार एकच, पण मोठी: बांधणी. पाकीट एक किलोचं, एका बाजूने पारदर्शक, आणि बंद करायची चेन थोड्या दिवसांत बसेनाशी होते. ३० टक्के चरबीच्या मालाला उजेड आणि हवा लागली की तो खवट होणारच. खवट अळ्यांना चिकट चकाकी येते, वास रंगाच्या डब्यासारखा होतो. तशा झाल्या तर फेकून द्याव्यात. मी आणल्याबरोबर काचेच्या लहान बरण्यांत भरते, एक बाहेर, बाकी फ्रीजमध्ये. आठवड्याला दहा ग्रॅम खाणाऱ्या एका कासवाला एक किलो जवळजवळ दोन वर्षं पुरेल आणि माल तेवढा टिकणार नाही, म्हणून मी पाकीट बहिणीबरोबर अर्धं वाटून घेते, उरलेलं तिच्या शेजारच्या कोंबड्यांना. कंपनीला लहान पाकीट काढायला लिहिलं होतं. उत्तरादाखल सवलतीचं कूपन आलं, दोन किलोच्या पाकिटावर.