हिब्रू शिकायला राहायचं कुठे: जेरुसलेम, तेल अवीव, हैफा की बेरशेवा?

इस्रायलला जाऊन हिब्रू शिकायचं नक्की झालं की पहिला घोळ शहराचा असतो. माहितीपत्रकं वाचून तो सुटत नाही, कारण वर्ग सगळीकडे जवळपास एकाच साच्याचे. या वर्गांना उल्पान म्हणतात. १९४९ साली जेरुसलेममध्ये नव्याने येणाऱ्या ज्यूंसाठी पहिलं उल्पान निघालं आणि तीच पद्धत आजही चालू आहे: आठवड्याचे पाच दिवस, रोज काही तास, पहिल्या दिवसापासून हिब्रू हिब्रूतूनच, आणि अलेफपासून वावपर्यंत सहा पायऱ्या. स्थायिक व्हायला आलेल्या ज्यूंना सरकारी उल्पान फुकट असतं. आपल्यासारख्यांनी विद्यापीठाचं, नगरपालिकेचं किंवा खासगी उल्पान बघायचं आणि फी भरायची.

तेव्हा वर्गाची तुलना करत बसू नका. शुक्रवारची दुपार ते शनिवारची रात्र ते शहर कशी घालवतं, ते बघा. भाषा आणि संस्कृती दोन्ही त्याच वेळात हाताला लागतात, आणि चारही शहरं तिथेच वेगळी पडतात.

जेरुसलेममध्ये शुक्रवारी दुपारी महाने येहुदा बाजारात पाय ठेवायला जागा नसते. सकाळभर तोऱ्यात असलेले भाजीवाले तीननंतर भाव पाडत ओरडू लागतात, कारण उरलेला माल रविवारपर्यंत टिकणार नसतो. आकडे, वजनं आणि घासाघीस शिकायला याहून चांगली शाळा नाही. मग भोंगा वाजतो आणि शब्बात, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, लागतो. बस बंद, ट्राम बंद, बहुतेक दुकानं बंद. जवळ ओळखी नसतील तर हे पंचवीस तास अंगावर येतात. पण आमंत्रण मिळणं इथे खरोखर सोपं आहे. वर्गात किंवा शेजारी कुणाला शब्बातच्या जेवणाला यायची इच्छा बोलून दाखवली की बहुधा काम होतं. काही गोष्टी आधी माहीत हव्यात. कर्मठ घरात आपण शिजवलेलं काही नेऊ नये, कोशर, म्हणजे ज्यू आहारनियमांत बसणारं, असा शिक्का असलेलं बंद पाकीट न्यावं. फोन खिशातच ठेवावा. वाइनची बाटली आपण होऊन उघडायला जाऊ नये. बिगर-ज्यूने उघडून ओतलेली वाइन अनेक घरांत चालत नाही. यात अपमान मानण्यासारखं काही नाही. सोवळं-ओवळं बघितलेल्या माणसाला तर हे समजावूनही सांगावं लागू नये.

बाजाराच्या पलीकडे नाखलाओतच्या बोळांत लहान-लहान सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, आहेत. त्यातलं अदेस हे अलेप्पोहून आलेल्या ज्यूंनी १९०१ साली बांधलेलं. हिवाळ्यात शनिवारी पहाटे, अजून अंधार असतानाच, तिथे बकाशोत ही स्तोत्रं गायली जातात, अरबी मकामांत, म्हणजे तिकडच्या रागांत. म्हातारे सूर धरतात आणि पोरं झोपाळू डोळ्यांनी मागून उचलतात. कार्तिकातला काकडा आठवल्याशिवाय राहत नाही. अशी गोष्ट तेल अवीवमध्ये शोधून मिळणार नाही.

हिब्रू विद्यापीठाचं रॉथबर्ग स्कूल माउंट स्कोपसवर आहे आणि विद्यार्थी वसतिगृहंही जवळच. ही टेकडी पूर्व जेरुसलेममध्ये येते, इसाविया ही अरब वस्ती आवाराला लागून आहे. म्हणजे इथला संघर्ष रोज दिसतो, ऐकू येतो, अडवतोसुद्धा. तो नजरेआड ठेवून नुसती संस्कृती बघू म्हणणाऱ्याने जेरुसलेमला येऊ नये. आणि थंडी! शहर समुद्रसपाटीपासून साडेसातशे-आठशे मीटरवर, घरं दगडी, गरम करायची सोय यथातथाच. जानेवारीत घरातसुद्धा स्वेटर घालून बसावं लागतं.

तेल अवीव १९०९ मध्ये वाळूच्या टेकड्यांवर वसलं. हवा मुंबईची, घाम मुंबईचा, भाडं मुंबईकरालाही घाम फोडणारं. शुक्रवारी संध्याकाळी बरेच कॅफे उघडे असतात आणि नोव्हेंबर २०१९ पासून नगरपालिकेच्या शनिवार-रविवारच्या नव्हे, शुक्रवार-शनिवारच्या फुकट मिनीबस धावतात (आठवड्याची सुट्टी हीच, रविवारी सगळे कामावर). ज्यू संस्कृती म्हणजे धर्मच, असं धरून येणाऱ्याने इथे जरूर राहून बघावं. हिब्रू नाटक, हिब्रू कविता, धर्म न पाळताही सण साजरे करणं, ही सगळी इथली मिळकत आहे. विद्यापीठाच्या आवारातलं अनु संग्रहालय जगभरच्या ज्यू समाजांवर आहे. त्याला एक अख्खा दिवस ठेवा. उन्हाळ्यात शुक्रवारी सूर्यास्ताला जुन्या बंदरावर समुद्राकडे तोंड करून वाद्यांसकट शब्बातचं स्वागत होतं. वाद्यं वाजवलेली जेरुसलेमच्या कर्मठ माणसाला मुळीच पटणार नाहीत.

खोड एकच, पण मोठी. तुमचा उच्चार जरा अडखळला की समोरचा इंग्रजीवर येतो. कॉफी मागा, चप्पल दुरुस्तीला द्या, बँकेत जा, तेच. ‘राक इव्रित, बेवकाशा’, म्हणजे फक्त हिब्रू, हे वाक्य रेटून म्हणायचा निर्लज्जपणा असेल तरच इथे भाषा पुढे सरकते. उल्पान गॉर्डनचं नाव वर्षानुवर्षं घेतलं जातं, पण वर्गाबाहेर पडल्या पडल्या इंग्रजीचा पूर येतो त्याला उल्पान तरी काय करणार?

दोन्ही हवं असणाऱ्यांसाठी पळवाट आहे. जलद रेल्वेने जेरुसलेम-तेल अवीव पाऊण तासाच्या आत होतं, फक्त शब्बातला ती बंद. पुरीम या सणाला या सोयीचा खरा फायदा घ्यावा: तेल अवीवमध्ये तो अदार या ज्यू महिन्याच्या १४ तारखेला, प्राचीन तटबंदीचं शहर म्हणून जेरुसलेममध्ये १५ ला. दोन दिवस, दोन शहरं, दोन पुरीम.

हैफाबद्दल थोडक्यात. शांत, तुलनेने स्वस्त, विद्यापीठ कार्मेल डोंगराच्या माथ्यावर आणि २०२२ पासून तिथवर रोपवे. शब्बातला काही बस चालतात, ही इथली जुनी रीत. अरब आणि ज्यू एकाच वर्गात बसतात, हदार भागात रशियन कानावर पडते. हिब्रू ही वेगवेगळ्या भाषकांना जोडणारी भाषा म्हणून कशी चालते ते इथे दिसतं. धार्मिक जीवन जवळून बघायचं असेल तर मात्र हैफा फिकं वाटेल.

बेरशेवाचं नाव यादीत कुणी घालत नाही. मी घालते. वाळवंटाच्या तोंडावरचं शहर, बेन गुरियन विद्यापीठाच्या आजूबाजूला विद्यार्थ्यांची दाटी, भाडं आवाक्यातलं, आणि रस्त्यावर इंग्रजीचा आधार कमी. म्हणजे झक मारत हिब्रू बोलावी लागते. मराठी माणसासाठी आणखी एक कारण आहे: जवळचं दिमोना. कोकणातून गेलेले बेने इस्रायली ज्यू तिथे मोठ्या संख्येने स्थायिक झाले. पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी आडनावं तिथे पाट्यांवर हिब्रू लिपीत दिसतात. जुन्या पिढीची मराठी अजून शाबूत आहे, आणि एलियाहू हानबी या प्रेषिताच्या नावाने मलिद्याचं ताट होतं: गोड पोहे, ओलं खोबरं, फळं. ज्यू संस्कृती म्हणजे युरोपातून आलेलं काहीतरी, ही समजूत या ताटासमोर टिकत नाही. मात्र हिब्रू शिकायला आलात आणि मराठीतच रमलात, हा धोका इथे खरा आहे. आजीबाई सोडणार नाहीत.

माझं मत विचाराल तर नवशिक्याने अलेफ ही पहिली पायरी बेरशेवात किंवा हैफात करावी आणि ‘बेत’ या दुसऱ्या पायरीपासून जेरुसलेम गाठावं. पहिल्याच महिन्यात जेरुसलेमच्या आमंत्रणांत निम्मं डोक्यावरून जातं. तेल अवीव अशांसाठी, ज्यांची हिब्रू आधीच बरी आहे किंवा ज्यांना एकटं पडायची फार भीती वाटते. व्याकरणाची धास्ती नको: क्रियापदाला लिंग लावायची आपल्याला सवय आहे, त्यात इंग्रजीभाषक सहाध्यायी अडखळतात तेव्हा आपण पुढे जातो. स्वरचिन्हांशिवाय छापलेलं वाचताना मात्र सगळे एकाच बोटीत.

व्यवहाराचं दोन शब्दांत. शिकण्यासाठीचा व्हिसा ए/२. त्यावर नोकरी करता येत नाही, तेव्हा कॅफेत काम करून भाडं भागवू हा बेत सोडा. खोली बघताना ममाद, म्हणजे घरातली संरक्षित खोली आहे का, ते पहिल्यांदा विचारा. १९९०च्या दशकाआधीच्या इमारतींत ती सहसा नसते, मग सर्वात जवळचा सार्वजनिक निवारा किती मिनिटांवर आहे ते स्वतः चालून बघा. तिकीट काढण्याआधी भारत सरकारच्या प्रवाससूचना वाचा. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सणांच्या ऐन आधी पोचू नका. त्या दिवसांत बँक असो, घरमालक असो की व्हिसाची खिडकी, उत्तर एकच मिळतं: ‘अखरेई हाखागिम’, सण झाल्यावर या. ऑगस्टमध्ये या, कागदपत्रं उरका आणि मग तिश्री महिन्याचे सगळे सण मोकळ्या डोक्याने बघा.