अ‍ॅप्टच्या सेटिंग्ज : अकरा महिन्यांचा अनुभव

मे महिन्यातील एका मंगळवारी सकाळी दहाच्या आत आमच्या घरातील दिवसभराचे दोन जीबी इंटरनेट संपले. आमच्या वाडीत अजून फायबर आलेले नाही; सिमकार्ड घातलेल्या छोट्या वाय-फाय डबीवर घरातील तीन लॅपटॉप चालतात आणि तिन्हींवर तेव्हा डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली होती. तिच्यात प्रोग्रॅम उतरवून बसवण्याचे आणि अपडेट करण्याचे काम ‘अ‍ॅप्ट’ करते. आदल्या रात्री मी माझा लॅपटॉप अपडेट केला होता. सकाळी पत्नीच्या आणि मुलीच्या लॅपटॉपने तीच पॅकेजेस (प्रोग्रॅमचे तयार गठ्ठे) पुन्हा पहिल्यापासून उतरवली. हे व्हायलाच नको होते, कारण उतरवलेल्या फाइली जपून ठेवण्याची सेटिंग मी जानेवारीतच लिहिली होती आणि त्या फाइली घरातल्या घरात उरलेल्या दोन लॅपटॉपवर पोचवणारी आरसिंकची छोटी स्क्रिप्टही रोज रात्री चालत होती.

ज्यांना पार्श्वभूमी हवी आहे त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की आपण ‘अ‍ॅप्ट’ ही आज्ञा वापरली तर पॅकेज बसवून झाल्याबरोबर त्याची डेब फाइल, म्हणजे ते पॅकेज ज्या फाइलीतून उतरते ती, पुसली जाते. हे वर्तन २०१६ च्या १.२ या आवृत्तीपासूनचे आहे. जुनी ‘अ‍ॅप्ट-गेट’ आज्ञा मात्र फाइल तशीच ठेवते. मी जानेवारीत ‘अ‍ॅप्ट::कीप-डाउनलोडेड-पॅकेजेस’ हा पर्याय ‘ट्रू’ म्हणजे चालू केला, खात्री करून घेण्यासाठी अ‍ॅप्ट-गेटने चार पॅकेजेस बसवली, फाइली जागेवर राहिलेल्या पाहिल्या आणि समाधानाने रोजच्या सवयीप्रमाणे अ‍ॅप्ट वापरू लागलो. त्या चार फाइली कॅशेच्या, म्हणजे उतरवलेल्या फाइलींच्या साठ्याच्या, फोल्डरात तशाच पडून असल्यामुळे नंतर दोन-तीनदा डोकावले तेव्हाही मला संशय आला नाही. अ‍ॅप्ट-गेटने त्या फाइली माझी सेटिंग नसती तरी ठेवल्याच असत्या, म्हणजे माझी चाचणीच मुळात चुकीची होती, हे फार उशिरा लक्षात आले.

त्या मंगळवारी दुपारी मी अ‍ॅप्टच्या सगळ्या सेटिंग्ज दाखवणारी ‘अ‍ॅप्ट-कॉन्फिग डम्प’ ही आज्ञा चालवून आलेली सगळी यादी ओळीने वाचून काढली. माझी ओळ तिथे होती, किंमत ‘ट्रू’. बऱ्याच ओळींनंतर तेच नाव पुन्हा दिसले, पण त्याच्या आधी ‘बायनरी::अ‍ॅप्ट::’ असा उपसर्ग होता आणि किंमत शून्य, म्हणजे बंद, होती. अ‍ॅप्ट ही आज्ञा स्वतःसाठीची ही वेगळी ओळ सोबत घेऊनच चालू होते, आणि तीच सर्वसाधारण ओळीवर मात करते. मी माझ्या फाइलीत तेवढा उपसर्ग वाढवला आणि त्या दिवसापासून फाइली राहू लागल्या. एका उपसर्गापायी चार महिने आम्ही प्रत्येक पॅकेज तीन-तीनदा उतरवत होतो. ज्याच्याकडे अमर्याद इंटरनेट आहे त्याला ही गोष्ट किरकोळ वाटेल. आमच्याकडे महिन्याअखेरीस जास्तीचे डेटा पॅक घ्यावे लागत होते, आणि ते का लागतात याचे उत्तर मी सिमच्या कंपनीकडे शोधत होतो.

माझी खरी तक्रार पुसण्याच्या पद्धतीबद्दल नाही. अ‍ॅप्टच्या कॉन्फिगरेशनमध्ये तुम्ही कोणतेही नाव लिहा, अ‍ॅप्ट ते निमूटपणे स्वीकारते, ही माझी तक्रार आहे. ओळीच्या शेवटचा अर्धविराम राहिला तर ते अडून बसते. ‘अ‍ॅप्ट डॉट कॉन्फ डॉट डी’ या फोल्डरात ठेवलेल्या फाइलीच्या नावाला शेवटी ‘टीएक्सटी’ लावले तर ही फाइल वगळत आहे असे स्पष्ट सांगते. परंतु पर्यायाच्या नावात एक अक्षर चुकले, किंवा जो पर्याय लागूच होणार नाही तो लिहिला, तर एक शब्दही उमटत नाही. मी मुद्दाम ‘कीप’च्या जागी निरर्थक अक्षरे घालून पाहिली, डम्पच्या यादीत ती अक्षरेही बाकीच्या पर्यायांच्या रांगेत तितक्याच सन्मानाने उभी होती. वर्षानुवर्षे सर्व्हर सांभाळणाऱ्यांना हे अंगवळणी पडले असेल. घरी तीन यंत्रे सांभाळणाऱ्या माणसाने कशावर विश्वास ठेवायचा?

उपसर्ग दुरुस्त करूनही काही फाइली गायब होतच होत्या. त्याचे कारण जूनमध्ये सापडले. सुरक्षेचे अपडेट आपोआप बसवण्यासाठी मी ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ हा प्रोग्रॅम सुरू करून दिला होता. त्याचा स्वतःचा वेगळा पर्याय आहे, ‘कीप-डेब्ज-आफ्टर-इन्स्टॉल’, आणि तो मुळात बंद असतो. म्हणजे एकाच गोष्टीसाठी तीन दारे आहेत आणि प्रत्येकाची कडी निराळी. याच प्रोग्रॅममध्ये मोजून मिळणाऱ्या इंटरनेटवर अपडेट टाळण्याची सोय आहे आणि ती मुळातच चालू असते, परंतु जोडणी मोजणीची आहे हे संगणकाला कळले पाहिजे. आमची डबी त्याला साध्या वाय-फायसारखीच दिसत होती. वाय-फायच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या जोडणीवर तशी खूण केल्यावर सकाळचा तो प्रकार कायमचा थांबला. इतकी उपयोगी सोय आधीपासून तिथे होती, याचा मला मनापासून आनंद झाला.

बचतीच्या भरात केलेले दोन बदल मला मागे घ्यावे लागले. भाषांच्या याद्या उतरवू नयेत म्हणून ‘अ‍ॅक्वायर::लँग्वेजेस’ला ‘नन’ ही किंमत दिली, तर ‘अ‍ॅप्ट शो’मध्ये पॅकेजचे सविस्तर वर्णनच दिसेनासे झाले, कारण इंग्रजी वर्णनसुद्धा त्याच याद्यांमधून येते. दुसरा बदल एखाद्या पॅकेजसोबत शिफारस केलेली जोड-पॅकेजेस न बसवण्याचा. मुलीच्या लॅपटॉपवर ‘टास्क-मराठी-डेस्कटॉप’ हा संच बसवला तेव्हा संच बसल्याचे दिसले, पण लिबरऑफिस मराठीत येईना. अशा संचांमधील बहुतेक वस्तू शिफारशीच्या यादीतच असतात आणि ती यादीच मी बंद केली होती. वेगमर्यादेचा ‘डीएल-लिमिट’ हा पर्याय मात्र मी ठेवला आहे. तो लावला की एकाच वेळी अनेक सर्व्हरवरून उतरवणे बंद होते, पण मुलीचा ऑनलाइन तास चालू असताना मला नेमके तेच हवे असते.

फाइली पुसण्याबद्दलचे माझे मत ऑगस्टमध्ये थोडे बदलले. पत्नीच्या लॅपटॉपची डिस्क १२८ जीबीची आहे. तिच्यावरील कॅशे सहा जीबीजवळ पोचली आणि जागा कमी असल्याची सूचना येऊ लागली. एकच यंत्र आणि भरपूर इंटरनेट असणाऱ्याला आपोआप पुसणेच सोयीचे, हे मला तेव्हा पटले. आता ‘ऑटोक्लीन-इंटर्व्हल’ सात दिवसांवर आहे. त्यामुळे रिपॉझिटरीत, म्हणजे डेबियनच्या पॅकेजेसच्या मूळ साठ्यात, यापुढे न मिळणाऱ्या जुन्या आवृत्त्या तेवढ्या जातात आणि चालू फाइली राहतात. घरात कायम चालू असणारा एखादा संगणक असेल तर त्यावर, एकदा उतरवलेली पॅकेजेस घरातील सगळ्या यंत्रांना पुरवणारे ‘अ‍ॅप्ट-कॅशर-एनजी’ बसवणे याहून सरळ आहे. आमच्याकडे तसा संगणक नाही.

सप्टेंबरात डेबियन १३ वर जाताना या सगळ्याचे चीज झाले. माझ्या लॅपटॉपने दोन रात्रींत पावणेदोन जीबी उतरवले. बाकी दोघांनी कॅशेतील फाइली स्वीकारल्या. डिजिटल सही असलेल्या यादीतील हॅशशी (फाइलीच्या मजकुरावरून काढलेल्या ओळखखुणेशी) प्रत्येक फाइल जुळवून पाहिली जाते, त्यामुळे नक्कल केलेली फाइल वापरण्यात धोकाही नाही. पत्नीच्या लॅपटॉपला फक्त ४० एमबी आणि मुलीच्या लॅपटॉपला त्याहून थोडे जास्त उतरवावे लागले. डेबियन १३ सोबत आलेल्या अ‍ॅप्ट ३.० मध्ये काढली जाणारी पॅकेजेस लाल रंगात आणि याद्या नीट रकान्यांत दिसतात, हे मला फार आवडले. त्याच संध्याकाळी मी ते निरर्थक अक्षरांचे नाव पुन्हा एकदा फाइलीत लिहून पाहिले. अ‍ॅप्टने ते याही वेळी मुकाट्याने घेतले.