भाऊचा धक्का ते मोरा: एका माझगावकराचा अभिप्राय

माझा जन्म माझगावचा आणि घरातील दोन पिढ्या गोदीत राबलेल्या, त्यामुळे भाऊच्या धक्क्यावरून उरणजवळच्या मोरा बंदराला जाणाऱ्या लाँचविषयी मी तटस्थपणे लिहीन, अशी अपेक्षा वाचकांनी ठेवू नये.

डॉकयार्ड रोड स्थानकापासून धक्क्यापर्यंतचा रस्ता मालमोटारी, बर्फाचे वितळते पाणी आणि मासळीच्या टोपल्या यांतूनच काढावा लागतो. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी एकोणिसाव्या शतकात उतारूंच्या सोयीसाठी हा धक्का बांधला. आज तेथे सर्वाधिक उणीव सोयीचीच आहे. पायऱ्या निसरड्या, सावली तुटपुंजी, आणि लाँच नेमकी कधी सुटणार हे खिडकीवरच्या माणसापेक्षा शेजारी उभी असलेली कोळीणच अधिक खात्रीने सांगते.

लाँच सुटली, की मात्र माझी तक्रार लटकी पडू लागते. मरीन ड्राइव्हवरून दिसणारे शहर पाहुण्यांसाठी नटलेले असते. येथून दिसते ती त्याची कामाची बाजू, म्हणजे गंजलेले बार्ज, क्रेनच्या रांगा, आणि डाव्या हाताला जवाहर द्वीपाशी लागलेली तेलवाहू जहाजे. 14 एप्रिल 1944 रोजी याच किनाऱ्यावरील व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे 66 जवान मृत्युमुखी पडले. आमच्या घरी ही तारीख सणवारासारखी लक्षात ठेवली जाई. डिझेलच्या धुराने डोके दुखत असतानाही हा किनारा दृष्टीआड होईपर्यंत मी आत जाऊन बसत नाही.

सेवेचा खरा दोष मोऱ्याच्या टोकाला आहे. तेथे गाळ इतका साचतो, की मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागू शकत नाही आणि फेऱ्या काही तास बंद ठेवाव्या लागतात. जानेवारी 2024 मध्ये 21.8 किलोमीटर लांबीचा अटल सेतू खुला झाला, उरणला लोकलही पोहोचली; आता केवळ वेळ वाचवण्यासाठी लाँच निवडा, असे मी कोणालाही सांगणार नाही.

तरीही जाणाऱ्याने भरती-ओहोटीचे वेळापत्रक आधी पाहावे, न घसरणारी पादत्राणे घालावीत आणि मोऱ्याला उतरताच परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ विचारून घ्यावी.