विंडोज बदलून देण्याच्या नावाखाली झालेली फसवणूक

गोव्यातल्या फोंड्यात माझी रक्त-लघवी तपासणीची छोटी प्रयोगशाळा आहे. तिथल्या बायोकेमिस्ट्री अ‍ॅनालायझरला (रक्तातील घटक मोजणाऱ्या यंत्राला) जोडलेला संगणक विंडोज १० वर चालत होता आणि त्या विंडोजचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ नंतर थांबणार, हे मी वाचले होते. भीती खरी होती, म्हणूनच तिच्या आधाराने सांगितलेले खोटे मला पटले.

दिवाळीच्या तोंडावर, वाड्यावाड्यांवर नरकासुराचे पुतळे उभे राहत असताना, एक नीटनेटका तरुण यंत्र-कंपनीचा प्रतिनिधी म्हणून आला. यंत्राचा अनुक्रमांक त्याला ठाऊक होता. (दोन महिन्यांपूर्वी ‘मोफत तपासणी’ला आलेल्या कोणीतरी मागच्या पट्टीचा फोटो काढून नेला होता, हे मला फार उशिरा आठवले.) “डॉक्टर, वैद्यकीय उपकरण नियम २०१७ प्रमाणे जुन्या विंडोजवरचे रिपोर्ट आता चालणार नाहीत,” असे त्याने ठामपणे सांगितले. ते नियम उपकरणांची निर्मिती, आयात व विक्री यांविषयी आहेत, हे मी त्याच वेळी उघडून पाहायला हवे होते. त्याऐवजी मी यूपीआयने १८,५०० आणि काम झाल्यावर रोख २०,००० रुपये दिले.

विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ची (सुरक्षा-चिपची) सोय आमच्या जुन्या संगणकात नव्हती. ती अट त्याने वळसा घालून चुकवली. विंडोज ११ केवळ ६४-बिट असते, तर यंत्राच्या केबलचा ड्रायव्हर (संगणकाला यंत्राशी बोलू देणारा छोटा प्रोग्राम) ३२-बिटचा होता, म्हणून त्याने कुठला तरी डिजिटल स्वाक्षरी नसलेला, म्हणजे खात्री न झालेला ड्रायव्हर बसवला, आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘टेस्ट मोड’ अशी अक्षरे दिसू लागली. ती आपोआप जातील, म्हणाला. मूळ सॉफ्टवेअरचा डोंगल (परवान्याची यूएसबी किल्ली) ‘नव्याने नोंदवून आणतो’ म्हणून तो घेऊन गेला आणि मागे ठेवली ती चोरीची प्रत.

त्या संध्याकाळी कंट्रोल सीरम (यंत्र बरोबर मोजते का ते पाहण्यासाठीचा, मूल्य आधीच ठाऊक असलेला नमुना) न लावता सात रिपोर्ट गेले, याची लाज मला पैशांपेक्षा अधिक वाटते. दुसऱ्या दिवशी सकाळी क्रिएटिनिनचे (मूत्रपिंडाच्या तपासणीचे) दोन्ही कंट्रोल ३ एसडीच्या (प्रमाण विचलनाच्या) मर्यादेबाहेर आले आणि आमच्या तंत्रज्ञ बाईंनी एकही रिपोर्ट सोडायला साफ नकार दिला. फॉरमॅट करताना आमची कॅलिब्रेशनची (यंत्राचे माप जुळवण्याची) मूल्ये पुसली गेली होती व नव्या प्रतीत कारखान्यातली ठोकळ मूल्ये होती. सातही रुग्णांना फोन करून पुन्हा रक्त घेतले.

एव्हाना त्याचा फोन बंद झाला होता. बिलावर पत्ता पणजीचा, पण जीएसटी क्रमांकाची सुरुवात २७ ने, म्हणजे महाराष्ट्राच्या संकेतांकाने. गोव्याचा ३० आहे. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली तेव्हा तीन दिवस उलटले होते आणि पैसे पुढच्या खात्यांत सरकले होते.

खरेदीच्या मूळ बिलावरील क्रमांकावर मी फोन केला, जो पहिल्याच दिवशी करायचा होता. कंपनीच्या अभियंत्याने सांगितले की आमच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती त्यांनी विंडोज १० वरच तपासून प्रमाणित केली आहे. इंटरनेटची वायर काढून आणि पेनड्राइव्ह लावू न देता ती तूर्त वापरता आली असती, आणि विंडोज ११ साठीची आवृत्ती ते स्वतःच नव्या संगणकासह बसवतात. नवा डोंगल मिळण्यासाठी त्यांना पोलीस तक्रारीची प्रत हवी आहे. तोवर आमचे नमुने रोज सकाळी मडगावच्या एका प्रयोगशाळेत जातात.