ऑफिसच्या सर्व्हरला कोणती डिस्क घ्यावी: साटा, सास की एसएसडी?

हिंगणा एमआयडीसीतल्या एखाद्या युनिटात वीसेक लोक एकाच सर्व्हरवर टॅली चालवतात, फाइल्सही तिथंच, आणि डिस्क घ्यायची वेळ आली की पहिला प्रश्न "किती टीबीची घ्यावी?" अरे भाऊ, त्यावर चालवायचं काय ते आधी सांग नं.

साटा म्हणजे पीसीतही असते ती जोडणी; त्यातली 7200 आरपीएमची, म्हणजे मिनिटाला इतके फेरे घेणारी डिस्क इकडचं-तिकडचं वाचायला लागली की सेकंदाला शंभराच्या आसपासच ऑपरेशन्स करते, 15000वाली सास (सर्व्हरसाठीच्या जोडणीची फिरती डिस्क) दोनशेपर्यंत, आणि साधी साटा एसएसडीसुद्धा (हिच्यात फिरती चकती नाही, नुसत्या चिपा) हजारोंत. त्यामुळं टॅली-डेटाबेससाठी दोन एसएसडी मिरर करून टाका (दोन्हींवर तोच डेटा), आणि कोणी "सर्व्हर ग्रेड माल आहे" म्हणून जुनी सास गळ्यात मारत असेल तर लांबूनच हात जोडा. सीसीटीव्ही, बॅकअप असं सलग काम असेल तर मात्र चांगली 7200वाली सेकंदाला दोनशे एमबीच्या वर देते, गिगाबिट लॅन सव्वाशेच्या आतच दम तोडतं, मग तिथं एसएसडीवर पैसे कायले घालवता.

टिकण्याच्या बाबतीत खरी गंमत डेस्कटॉपवाल्या डिस्कची. खराब सेक्टर लागला की ती वाचायचा हट्टच धरून बसते, तोवर रेड कंट्रोलरला (अनेक डिस्क एकत्र चालवतो तो) वाटतं ही मेली आणि तो तिला बाहेर काढतो, डिस्क धडधाकट असली तरी. नॅस (नेटवर्कवरचा फाइलींचा डबा) किंवा एंटरप्राइझवाली सात-एक सेकंदांत नाद सोडते, बाकीचं रेड बघून घेतं. डेटाशीटवर वर्षाचा वर्कलोडही (किती डेटा वाचता-लिहिता येतो तो) बघा, एंटरप्राइझला 550 टीबी असतो, साध्या नॅसवालीला बहुतेक 180. आणि 25 लाख तास एमटीबीएफ (दोन बिघाडांमधला सरासरी काळ) वाचून हुरळू नका, त्याचा अर्थ वर्षाला 0.35 टक्के डिस्क जातील इतकाच, बॅकब्लेझ ही ऑनलाइन बॅकअपवाली कंपनी आपल्या लाखो डिस्कचे आकडे छापतं त्यात ते दीड टक्क्याच्या आसपास निघतं.

एसएसडी घेताना पॉवर लॉस प्रोटेक्शन आहे का ते विचाराच, म्हणजे लाइट गेली तरी आतल्या कपॅसिटरवर अर्धवट लिहिलेलं पूर्ण होतं, लॅपटॉपवाल्या स्वस्त मॉडेलमध्ये हे बहुतेक नसतंच.

आता नागपूरचं म्हणाल तर मे महिन्यात पारा 45 पार, आणि सर्व्हरच्या खोलीत खिडकीला वाळ्याचा कूलर! उकाड्याला सगळेच घाबरतात, पण 2016 साली मायक्रोसॉफ्टच्या डेटासेंटरांवरचा जो अभ्यास आला त्यात डिस्क जाण्यामागं तापमानापेक्षा दमटपणा जास्त निघाला. तेव्हा डिस्क साधी नॅसवाली घेतली तरी चालेल, खोलीला एसी लावा, आणि कूलर अकाउंट्सवाल्यांकडं द्या.