मुलांचा गोल्फ सेट, बरेच महिने वापरून झाल्यावर

लेकीसाठी ज्युनिअर गोल्फ सेट घेतला त्याला आता बरेच महिने झाले, पुतण्या पण तिच्यासोबतच शिकतोय आणि त्याच्याकडे सुरुवातीला मोठ्यांचे क्लब (म्हणजे बॉल मारायच्या काठ्या) कापून लहान केलेले होते, त्यामुळे दोन्ही प्रकार जवळून बघून झालेत. घ्यायच्या आधी मी जेवढे रिव्ह्यू वाचले त्यात सगळीकडे बॉल किती लांब जातो एवढंच, पोरांच्या हातात ही वस्तू देताना काय सांभाळायचं आणि त्यांना मैदानावर वागायचं कसं शिकवायचं यावर धड कोणी लिहिलेलं नव्हतं. म्हणून जरा सविस्तर लिहितेय, वेळ काढून वाचा.

आधी सेटबद्दल. ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब), एक हायब्रिड (तोही लांबच्या शॉटचा, पण मारायला सोपा), ७ आणि ९ नंबरची आयर्न (त्याहून कमी अंतरासाठी), सँड वेज (वाळूतून बॉल काढायला), पटर (बॉल हळूच होलमध्ये ढकलायला) आणि स्टँडवाली बॅग, एवढंच आहे आणि एवढं भरपूर आहे. नियमाने बॅगेत १४ क्लब चालतात पण मुलांना त्याचं काय करायचंय, बॅग जड होते आणि प्रत्येक शॉटला कुठला काढू यातच वेळ जातो. लेकीचं बहुतेक सगळं काम ७ नंबर आणि पटरवर चालतं. ड्रायव्हर सगळ्यात कमी वापरला गेला, आज परत घ्यायचा असता तर ड्रायव्हर नसलेला छोटा सेट घेतला असता.

साइज मात्र वयावर घेऊ नका, उंचीवर घ्या, आणि शाळेच्या युनिफॉर्मसारखा वाढत्या मापाचा तर अजिबात घेऊ नका. क्लब लांब असला की पोरगं बॉलपासून लांब उभं राहतं, नाहीतर क्लब पोटात घेऊन कसंबसं फिरवतं, आणि ती सवय एकदा लागली की सुटता सुटत नाही. कापलेल्या क्लबचं तर विचारूच नका. लांबी कमी होते पण डोकं तेवढंच जड राहतं, शाफ्ट (दांडा) अजून कडक होते आणि ग्रिप (धरायची मूठ) जाडच्या जाड. पुतण्याचा क्लब वर गेला की त्या वजनाने मागे लोंबायचा आणि खाली आणताना तो अख्खा ओढला जायचा, मनगट दुखतंय पाठ दुखतेय हे रोजचं. हलक्या शाफ्टचा त्याच्या मापाचा सेट आणल्यावर तक्रार बंद झाली. आणि ग्रिप जाड असली की हातातून क्लब सुटून उडायची भीती असते ती वेगळीच.

तक्रारी म्हणाल तर स्टँडचा एक पाय ढिला झालाय आणि ग्रिप घामाने गुळगुळीत होतात. ग्रिप ओल्या फडक्याने आणि थोड्या साबणाने पुसून कोरड्या केल्या की परत पकड येते, हे दर काही दिवसांनी करावंच लागतं. बाकी काही मोडलेलं नाही.

आता खरा विषय. गोल्फचा बॉल जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा आणि कमीत कमी ४२.६७ मिलिमीटर व्यासाचा, दिसायला एवढासा पण दगडासारखा कडक. व्यावसायिक खेळाडूंचा ड्रायव्हरवरून सुटलेला बॉल ताशी २७० किलोमीटरच्या आसपास असतो. मुलांचा एवढा नसतो हे मान्य, पण मुलांच्या बाबतीत मला बॉलपेक्षा क्लबची भीती जास्त वाटते. लहान मुलांना गोल्फमुळे ज्या गंभीर इजा होतात त्यात शेजारी उभ्या असलेल्या पोराच्या डोक्याला फिरता क्लब लागणं हा नेहमीचा प्रकार आहे, आणि ते बऱ्याचदा कोर्सवर (गोल्फच्या मैदानावर) नाही तर घराच्या अंगणात, मोठं माणूस आसपास नसताना होतं. म्हणून आमच्याकडे क्लब बॅगेत आणि बॅग मोठ्यांच्या ताब्यात. घरी सराव फक्त पटर आणि फोमच्या बॉलचा.

कोचने पहिल्या दिवशी जे शिकवलं ते अजून तसंच चालू आहे. ज्याची पाळी नाही त्याने बॅगेपाशी उभं राहायचं, क्लब बॅगेत, आणि बॅग मारणाऱ्याच्या तोंडासमोर म्हणजे त्याला दिसेल अशी आणि चांगली लांब. मागे कोणी नाही, बॉल जाणार त्या दिशेला पुढे कोणी नाही. सरावाचा स्विंगसुद्धा माणसांच्या दिशेने मारायचा नाही, कारण बॉल नसला तरी खडा, काटकी उडते. आणि मारायच्या आधी मान वळवून चारी बाजूंना बघायचं. परवा लेक बॉलसमोर उभी राहिली, उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, पुतण्या पडलेली टी (बॉल ठेवायची छोटी खुंटी) उचलायला वाकत वाकत तिच्या मागे आलेला. तिने क्लब उचललाच नाही, बॉलमागून काढून जमिनीवर आडवा ठेवला, "अरे तू आधी बॅगेजवळ जा ना," म्हणाली, तो जाऊन उभा राहीपर्यंत थांबली आणि मग परत पहिल्यापासून सगळं. मी काही बोलले नव्हते, कोच पण लांब होता. मला तिच्या सगळ्यात लांब गेलेल्या शॉटपेक्षा त्याचं कौतुक जास्त वाटलं.

"फोर" म्हणजे गोल्फमधलं "सांभाळा", ते ओरडायला मुलं लाजतात. बॉल माणसांकडे जातोय असं वाटलं की त्याच क्षणी, घशातून जोरात, लागेल की नाही याचा विचार न करता ओरडायचं, हे मुद्दाम ओरडायला लावूनच शिकवावं लागतं. आणि उलट बाजू पण शिकवा, आपल्याला "फोर" ऐकू आलं तर मान वर करून बघायचं नाही, डोक्यावर हात घेऊन खाली वाकायचं, बॅग किंवा झाड जवळ असेल तर त्याच्या आड. नंतर ज्याच्या जवळ बॉल पडला त्याच्यापर्यंत चालत जाऊन सॉरी म्हणायचं, लांबून हात हलवायचा नाही.

विजेच्या बाबतीत मी अजिबात ऐकून घेत नाही. स्पर्धेत एक लांब भोंगा म्हणजे खेळ ताबडतोब बंद, पण रोजच्या खेळात भोंगा वाजेलच असं नाही, म्हणून गडगडाट ऐकू आला की क्लब सोडून पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत. झाडाखाली नाही, नुसत्या छपराच्या शेडखाली पण नाही. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर ३० मिनिटं गेल्याशिवाय परत बाहेर नाही. १९७५ च्या वेस्टर्न ओपन स्पर्धेत ली ट्रेव्हिनो या अमेरिकन गोल्फरला विजेचा धक्का बसला, एवढा मोठा खेळाडू, पुढे पाठीचं ऑपरेशन करावं लागलं. हे सांगितलं तेव्हापासून पुतण्या हट्ट करत नाही. छोट्या गोष्टी पण आहेत, टी तोंडात धरायची नाही, बॉल चाटून पुसायचा नाही कारण गवतावर औषधं मारलेली असतात, पाण्यात गेलेला बॉल गेला, आणि कार्ट मुलांनी चालवायची नाही.

वागण्याचं वेगळं शिकवावं लागेल असं मला वाटायचं, पण ते सगळं याच सवयीतून येतं, आजूबाजूला कोण आहे ते बघणं. दुसरा मारत असताना गप्प उभं राहणं, त्याच्या पटिंगच्या रेषेवर (बॉल होलकडे जायच्या वाटेवर) पाय न देणं, आपली सावली पण तिथे न पाडणं. २०१९ च्या नियमांत तर पहिल्याच नियमात प्रामाणिकपणा, दुसऱ्यांचा विचार आणि कोर्सची काळजी हे लिहिलेलं आहे. मुलांना यातलं सगळ्यात आवडतं ते ग्रीनवरचा (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावरचा) बॉल पडून झालेला खड्डा बुजवणं. छोटा काटा खड्ड्याच्या कडेला खुपसायचा आणि गवत चारी बाजूंनी मध्याकडे ढकलायचं, खालून उचकटायचं नाही कारण मुळं तुटतात, मग पटरने हलकेच थोपटायचं. लेक आता आपला बुजवून शेजारचा कोणाचा तरी राहिलेला पण बुजवते. बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) बाहेर येताना रेक मारून वाळू सारखी करणं मात्र अजून सांगावं लागतं.

मुलं हळू खेळतात ही लोकांची तक्रार खरी आहे, पण त्यावर उपाय आहेत. बॉल शोधायला ३ मिनिटं, आधी ५ होती. ज्याची तयारी झाली त्याने मारायचं. आणि मॅक्सिमम स्कोअर हा प्रकार आता नियमातच आहे, ठरलेल्या फटक्यांपर्यंत पोचलं की बॉल उचलायचा, मुलांनी होलवर रडकुंडीला यायची गरज नाही. मागचा ग्रुप अडलाय असं दिसलं तर बाजूला होऊन त्यांना पुढे जाऊ द्यायचं. पण मोठ्यांना पण हात जोडून सांगते, पुढे मुलं असताना वैतागून बॉल मारू नका. एकदा आमच्या मुलांच्या मागे काही पावलांवर बॉल येऊन पडला, कोणी ओरडलं नाही, नंतर सॉरी पण नाही. मुलं घाबरली ती घाबरलीच, वर मोठ्यांना सगळं चालतं हा धडा फुकटात मिळाला. तो पुसायला आम्हाला बरेच आठवडे लागले.

प्रामाणिकपणाचं सांगायचं तर बॉबी जोन्स या जुन्या अमेरिकन गोल्फरची गोष्ट मुलांना जरूर सांगा. १९२५ च्या यूएस ओपनमध्ये बॉल जरासा हलला, दुसऱ्या कोणी बघितलं नव्हतं, त्याने स्वतःहून एका फटक्याची पेनल्टी घेतली आणि शेवटी प्लेऑफमध्ये (बरोबरी झाल्यावरच्या निर्णायक खेळात) एका फटक्याने हरला. आमच्याकडे मुलं एकमेकांचं स्कोअरकार्ड लिहितात. आकडा जुळला नाही की दोघं पहिल्या फटक्यापासून एकेक शॉट आठवत मोजतात, मी मध्ये पडत नाही. क्लब फेकला तर त्या दिवसाचा खेळ तिथेच संपला, याला अपवाद नाही, आणि कडेला उभं राहून प्रत्येक शॉटवर सूचना देणाऱ्या पालकांना पण मी हेच म्हणेन की कोचला शिकवू द्या.

सेट घ्यावा का? उंचीला बरोबर बसत असेल तर नक्की घ्या, पण त्याच्यासोबत काही दिवस तरी कोच घ्या, नुसता सेट देऊन पोरांना मोकळं सोडू नका. लेकीला हा आता आखूड पडायला लागलाय, तिला पुढच्या मापाचा घेणार आहे. हा पुतण्याच्या धाकट्या बहिणीकडे जाईल, ग्रिप नवीन बसवून आणि स्टँडचा पाय दुरुस्त करून, पण तिला सुरुवातीला फक्त पटर आणि फोमचे बॉल, बाकीचे क्लब तिच्या आईच्या कपाटात.