यामाहाचा पियानो: जुना अपराइट की नवा डिजिटल?

पियानो यामाहाचाच घ्यायचा, इथपर्यंत बऱ्याच जणांचं ठरलेलं असतं. गाडी अडते ती त्यापुढे: जपानहून आलेला जुना यू-१, म्हणजे तारांचा उभा पियानो (अपराइट) घ्यावा, की नवा क्लॅव्हिनोव्हा, म्हणजे डिजिटल? माझ्याकडे आधी पहिला होता, आता दुसरा आहे. त्यामुळे पुढचं वाचताना माझा कल कुठे असेल ते धरूनच चाला.

नादाबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. यू-१ वर खर्जाचा एक सूर लावला की तो पायाखालच्या फरशीतही जाणवतो. क्लॅव्हिनोव्हात यामाहाच्याच सीएफएक्स या कॉन्सर्ट ग्रँडचे, म्हणजे मैफिलीच्या मोठ्या आडव्या पियानोचे सूर ध्वनिमुद्रित करून भरलेले असतात, पण येतात ते शेवटी स्पीकरमधूनच. अगदी हलक्या हाताने वाजवताना फरक जास्त कळतो, निदान मला तरी. इथे अपराइटला पैकीच्या पैकी.

तरी तो गेला, आणि त्याला कारण आमच्या डोंबिवलीचा पावसाळा. हवा दमट झाली की साउंडबोर्डचं, म्हणजे तारांचा नाद घुमवणाऱ्या फळीचं लाकूड फुगतं, तारा ताणल्या जातात आणि मधल्या सप्तकातले सूर चढतात. थंडीत पुन्हा उतरतात. सगळे सारखेच चढले असते तर एकट्यापुरतं निभावलं असतं. पण मधल्या आणि वरच्या प्रत्येक सुराला तीन-तीन तारा असतात. त्यातली एक जरा हलली की एकाच पट्टीतून दोन सूर निघतात आणि नाद थरथरतो. तानपुऱ्यावर तयार झालेल्या कानाला ते फार टोचतं. बरं, तानपुऱ्याच्या खुंट्या आपण पिळू शकतो; इथे दोनशेहून जास्त तारा, म्हणजे ट्यूनर, सूर जुळवून देणारा कारागीर, आलाच. तो मिळणार त्याच्या सवडीने, आणि ऐन गणपतीत घरात गाणारी मंडळी जमलेली. दमटपणा कमी व्हावा म्हणून पियानोच्या आत बल्ब लावून ठेवायचा जुना उपायही मी केला. थोडा फरक पडतो, थोडाच. यात कंपनीचा दोष नाही, तारांचा कुठलाही पियानो असाच वागतो. पण तीन ट्यूनिंग फोर्क, म्हणजे सूर जुळवायचे चिमटे, हे ज्यांचं बोधचिन्ह, अगदी मोटरसायकलच्या टाकीवरसुद्धा, त्यांच्या वाद्यापुढे बसून सूर जुळायची वाट पाहताना हसू यायचं.

क्लॅव्हिनोव्हाचा सूर हलत नाही. शिवाय गाणारीची पट्टी काळी दोन असो की पांढरी पाच, ट्रान्सपोज केलं, म्हणजे वाद्याचीच पट्टी बदलली, की बोटं आहेत तिथेच. हेडफोनचं सोसायटीत राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

मधला मार्ग म्हणून १९९३ पासून यामाहाचे सायलेंट पियानोही आहेत. त्यात हातोडी तारेला लागण्याआधीच थांबवता येते. पण तारा आहेत म्हणजे ट्यूनरही आहे.

डिजिटलच्या विरोधात एक गोष्ट मात्र खरी. यू-१ नीट सांभाळला तर पुढच्या पिढीला देता येतो, डिजिटलचं आयुष्य त्यातल्या सर्किटांइतकंच. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या वरच्या परीक्षा द्यायच्या असतील, खोलीतली आर्द्रता आटोक्यात ठेवता येत असेल आणि सव्वादोनशे किलोंचं धूड वर चढवायची तयारी असेल, तर अपराइटला मी नाही म्हणणार नाही. फक्त सौदा करण्याआधी ट्यूनरला फोन करून ऑगस्टमधली तारीख मागा. तो काय उत्तर देतो ते ऐका आणि मग ठरवा.